भाऊंनी शून्य पाठवलं होतं

रशीदभाऊ गेल्याची बातमी मला आमच्या क्लासच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कळली. सकाळची साडेसातची वेळ, जळगावातलं माझं घर, गॅसवर चहा आणि ओट्यावर फोन. ‘आपल्या क्लासचे ज्येष्ठ विद्यार्थी, शांत, संयमी व सदैव हसतमुख असे रशीदभाऊ यांचे आज पहाटे धुळे येथे हृदयविकाराने निधन झाले.’ खाली जोडलेल्या हातांची रांग. चहा उतू गेला. ओटा पुसता पुसता रडू येईल असं वाटलं होतं, पण आला तो राग. कोण शांत? कोण हसतमुख? मी ओळखायला लागले त्या दिवसापासून हा माणूस संतापलेला होता, त्याच्या संतापाला कारण होतं आणि ते कारण मला ठाऊक होतं. गेलेल्या माणसाच्या अंगावरचे दागिने काढून घेतात तसा आपण त्याचा रागही काढून घेतो, आणि मग हसतमुख म्हणून त्याची बोळवण करतो.

सहा आठवडे मी यावर काही लिहिलं नाही. गप्प बसण्यात मी तशी तरबेज आहे, ते पुढे येईलच. आता लिहिते आहे ते एवढ्यासाठी, की भाऊंना एक कागद हवा होता. तुम्ही माहिती पाठवली होती, असं सांगणारा साधा एक पानी कागद. तो त्यांना जिवंतपणी मिळाला नाही, आणि द्यायचा होता मी.

जळगावच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत मी नोकरीला आहे, निदान हे लिहीपर्यंत तरी. दर शनिवारी एसटीने एरंडोल, पारोळा करत धुळ्याला जाते आणि पायथनचा क्लास घेते. पायथन म्हणजे संगणकाला सूचना लिहायची एक भाषा. हल्ली कॉलेजची मुलं तिच्या मागे लागली आहेत. क्लास एका स्टेशनरीच्या दुकानावर, पत्र्याखाली. धुळ्याच्या उन्हात त्या पत्र्याखाली काही ठाम कारण असल्याशिवाय कोणी टिकत नाही. भाऊ आले तेव्हा त्यांना निवृत्त होऊन वर्ष झालं होतं. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, काखेत दोनशे पानी वही. प्रवेशाच्या फॉर्मवर ‘शिकण्याचा उद्देश’ असा एक रकाना आहे, त्यात मुलं नोकरी, करिअर, पुण्याला जाणे असं काहीबाही लिहितात. भाऊंनी लिहिलं होतं, ‘एक गोष्ट समजून घ्यायची आहे.’ मी ते वाचून हसले होते. म्हातारपणी वेळ जात नसेल, असं मनात म्हटलं आणि त्यांना पंख्याखालची जागा दिली.

तिसऱ्या की चौथ्या शनिवारी मी ‘इफ’ शिकवायला घेतलं. इफ म्हणजे जर. जर असं असेल तर हे कर, नाहीतर ते कर. पायथनची गंमत अशी, की या ‘जर’पुढे तुम्ही काहीही ठेवू शकता, आकडा, मजकूर, यादी, आणि ती वस्तू खरी धरायची की खोटी हे पायथन स्वतःच ठरवतं. नियम सोपा आहे, मी तो नेहमीच्या ऐटीत फळ्यावर लिहिला. शून्य खोटं. रिकामा मजकूर खोटा. रिकामी यादी खोटी. ‘नन’, म्हणजे काही नाहीच, तेही खोटं. बाकी जवळजवळ सगळं खरं. ‘खोटे’ हा शब्दच अवतरणचिन्हांत लिहिला तर तोही खरा, कारण तो मजकूर आहे आणि रिकामा नाही. नुसती एक मोकळी जागा टाइप केली तरी ती खरी. यादीत एकटं शून्य ठेवलं तर यादी खरी, कारण तिच्यात काहीतरी आहे. इथे मुलं नेहमी हसतात आणि मीही त्यांच्या हसण्यासाठी थांबते, इतकं ते सवयीचं झालं आहे.

भाऊ मात्र उभे राहिले. ‘मॅडम, शून्य खोटं कसं?’

‘म्हणजे काही नाही ना भाऊ, म्हणून.’

‘काही नाही, हे कोणी पाहिलं?’ ते म्हणाले. ‘मी चौतीस वर्षं सरकारी दवाखान्यांत औषधांचं स्टोअर सांभाळलं. रजिस्टरला शून्य लिहिलं म्हणजे मी कपाट उघडलं, हात घालून पाहिलं, एकही कुपी नव्हती, आणि खाली सही केली. रकाना कोरा ठेवला म्हणजे मी कपाटाकडे गेलोच नाही. तुमचं पायथन या दोघांना एकाच बाकावर बसवतं?’

मी म्हटलं, वेगळं करायचं असेल तर करता येतं की. ‘इज नन’ असं विचारायचं. म्हणजे इथे काही आलेलंच नाही का, एवढंच विचारायचं. मग शून्याला धक्का लागत नाही. ‘मग ते आधी का नाही शिकवलं?’ भाऊ म्हणाले. मुलं पुन्हा हसली, मीही हसले. मला तेव्हा तो हट्टीपणा वाटला होता. आज तो वर्ग आठवला की स्वतःच्याच तोंडावर पाणी मारावंसं वाटतं.

त्या दिवशी क्लास सुटल्यावर जिना उतरता उतरता त्यांनी मला निरंक शिकवलं. सरकारी नोकरी केलेल्या कुणाला हा शब्द सांगायला नको, पण आम्हा कंपनीवाल्यांच्या तो गावीही नसतो. महिनाभरात तुमच्याकडे साथीचा एकही रुग्ण नसला, एकही तक्रार आली नसली, तरी अहवाल पाठवायचाच आणि त्यावर लिहायचं, निरंक. काही नाही, हेच सांगायचं, पण सांगायचं. निरंक सांगणारा कामाचा, न सांगणारा कामचुकार. भाऊ म्हणाले, आमच्या खात्यात निम्म्या लोकांचा निम्मा जन्म निरंक लिहिण्यात गेला, पण ते लिहिलं नाही म्हणून मेमो मिळालेले लोकही मी पाहिलेत. हे सांगताना त्यांचा आवाज चढला होता आणि स्टेशनरीवाला दुकानातून मान बाहेर काढून बघत होता.

मग बसस्टँडवर, जळगाव गाडीची वाट पाहताना, ती एक गोष्ट आली. नोकरीची शेवटची वर्षं भाऊ सातपुड्याच्या पायथ्याच्या एका आरोग्य केंद्रात होते. तिथे सर्पदंशाची लस संपली. त्याच सुमाराला साठ्याची माहिती फोनवरच्या अ‍ॅपमधून भरायची नवी पद्धत आली होती. प्रशिक्षणात बजावलं होतं, निरंक वगैरे जुनं आता बंद, साठा नसेल तर शून्य लिहा. भाऊ आज्ञाधारक. सोमवारी त्यांनी शून्य भरलं, अ‍ॅप म्हणालं धन्यवाद. पुढच्या सोमवारी शून्य, पुन्हा धन्यवाद. तिसऱ्या सोमवारी तेच. लस काही येईना. वरच्या कार्यालयाला फोन केला तर उत्तर, ऑनलाइन भरा. भरलंय म्हटलं तर, मग येईल. तिकडे वरच्या यादीत त्यांच्या केंद्रापुढे काय लिहून येत होतं हे त्यांना दिसायची सोयच नव्हती. तिथे येत होतं, ‘माहिती अप्राप्त’. आणि नियम असा, की ज्याची माहिती नाही त्याला पुरवठा नाही.

चौथ्या आठवड्यात सुमलीबाई नावाच्या एका बाईला सकाळी मोहाची फुलं वेचताना साप चावला. नवऱ्याने तिला मोटारसायकलवर मध्ये बसवून, मागून दिराने धरून, केंद्रात आणलं. भाऊंनी त्यांना रिकामं कपाट दाखवलं. गाडी करून पुढे मोठ्या दवाखान्यात पाठवलं... ती पोचली नाही. चौकशी बसली. चौकशीत ती यादी आली, तिच्यावर तीन आठवडे तीनदा ‘माहिती अप्राप्त’. भाऊंनी आपलं रजिस्टर पुढे केलं, त्यात शून्य, तारीख, सही. साहेब म्हणाले, कागद काय कधीही लिहिता येतो, ऑनलाइन काय दिसतंय ते बोला. सेवापुस्तकात ठपका बसला, वेळेत माहिती न पाठवल्याचा, आणि भाऊ त्या ठपक्यासकट निवृत्त झाले. ठपक्याचं त्यांना वाईट वाटलं, पण जिव्हारी लागलं ते दुसरंच. सुमलीबाईच्या नवऱ्याला कोणीतरी सांगितलं, की स्टोअरवाला भाऊ वर कळवायला विसरला, म्हणून लस आली नाही. पुढे आठवडे बाजारात तो समोरून आला आणि भाऊंना पाहून त्याने तोंड फिरवलं. ‘तिनं नाव माले याद शे,’ भाऊ मला घरच्या अहिराणीत म्हणाले. ‘चौकशीना कागदम्हा तिनं नाव बी नही. तठे फक्त रुग्ण लिखेल शे.’

एवढ्यावर हे थांबलं असतं तर भाऊंनी नशिबाला बोल लावला असता. पण शेजारच्या केंद्रातला त्यांचा जोडीदार जुन्या वळणाचा. त्याच्याकडेही लस संपली होती. त्याने सूचना धाब्यावर बसवून अ‍ॅपमध्ये सरळ ‘निरंक’ असं टाइप केलं, आणि त्याच्या केंद्रापुढे यादीत आलं, ‘साठा उपलब्ध’. त्यालाही लस मिळाली नाही, पण त्या दिवसांत त्याच्याकडे सर्पदंशाचा रुग्ण आला नाही म्हणून तो सुटला. भाऊ म्हणाले, ‘शून्य लिहिणारा गैरहजर, निरंक लिहिणारा मालदार. हे कसं होतं ते समजून घ्यायचंय मला. त्यासाठी आलोय तुमच्याकडे.’

गाडीत पारोळ्यापर्यंत मी खिडकीबाहेर पाहत होते. पारोळा गेलं आणि माझ्या लक्षात आलं, की ते अ‍ॅप आमच्या कंपनीचं होतं. सोमवारी ऑफिसात जाऊन मी जुनी फाइल उघडली. साठ्याच्या रकान्यात काहीही भरता येत होतं, कारण लोक ‘१० कुपी’, ‘दोन खोकी’ असं काहीही लिहितात. त्याचा आकडा करता आला तर करायचा, नाही आला तर मजकूर जसाच्या तसा ठेवायचा. आणि मग ती ओळ. इफ, पुढे साठ्याचं नाव, पुढे दोन टिंबं, बस्स. साठा खरा असेल तर उपलब्ध, नाहीतर माहिती अप्राप्त. ‘दोन खोकी’ लिहिणाऱ्यांचं बरोबर येत होतं, म्हणून कोणाला संशयही आला नाही. शून्य हा आकडा, म्हणून खोटा, म्हणून भाऊंनी काही पाठवलंच नाही. निरंक हा मजकूर, रिकामा नाही, म्हणून खरा, म्हणून कपाट भरलेलं. संगणकाने नियमाप्रमाणे चोख काम केलं होतं. आमच्याकडे प्रत्येक ओळीशेजारी ती कोणी लिहिली हे दिसतं. तिथे माझं नाव होतं.

नोकरीचं दुसरंच वर्ष होतं माझं तेव्हा. ती ओळ लिहिताना मी काय विचार केला होता हे आठवायचा मी पुष्कळ प्रयत्न केला. काहीच केला नव्हता. अशा आखूड ओळींना आमच्या धंद्यात सुबक म्हणतात, आणि मला सुबक लिहिण्याची हौस होती.

मी कंपनीच्या मालकांकडे गेले. त्यांना आम्ही सर म्हणतो. त्यांनी स्क्रीनकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं आणि म्हणाले, ‘दुरुस्त कर आणि पुढच्या अपडेटमध्ये ढकल.’ मी विचारलं, आणि ते धुळ्याचे गृहस्थ? ‘कोणाला काही सांगायचं नाही. जुनं उकरून कोणाचं भलं होणारे? बाई काय परत येणारे?’ बाई परत येणार नाही, हे वाक्य आपल्याकडे फार कामाला येतं. त्याच्यामागे वाटेल ते लपवता येतं. सरांचा मला राग आला, आजही येतो, पण तो सोपा राग आहे. अवघड आहे ते पुढचं. मी ती ओळ बदलली, दहा मिनिटांचं काम. बदल करताना काय बदललं याची एक टीप लिहावी लागते. मी लिहिलं, ‘किरकोळ दुरुस्ती’. हे दोन शब्द सरांनी सांगितले नव्हते. ते माझ्या डोक्यातून आले, आपोआप, आणि अजून तिथेच आहेत.

त्यानंतर अकरा शनिवार मी भाऊंना शिकवलं आणि एक अक्षर बोलले नाही. ते मात्र झपाट्याने शिकत गेले. आपले देवनागरी आकडे पायथनला कळतात, १० लिहिलं की ते दहाच वाचतं, हे पाहून त्यांनी वहीत ठळक अक्षरांत नोंद केली. आपण स्वतः तयार केलेली एखादी नवी वस्तू, तिच्याबद्दल वेगळं काही सांगितलं नसेल तर पायथन ती खरीच धरतं, असं मी शिकवलं तेव्हा ते म्हणाले, ‘वा. चौकशी समितीपेक्षा बरं आहे हे.’ भाभींसाठी, म्हणजे त्यांच्या बायकोसाठी, त्यांनी घरी गोळ्यांची आठवण करणारा प्रोग्राम लिहिला. किती गोळ्या उरल्या असं तो विचारायचा. काहीच न भरता पुढे गेलं तर दटावायचा, डबी उघडून पाहा म्हणायचा. शून्य भरलं की म्हणायचा, बरं, कळालं, आज आणतो. इतक्या नीट बोलणारा प्रोग्राम मी कुठल्याही कंपनीत पाहिलेला नाही. पण माझ्या चुकांवर ते तुटून पडायचे, मुलांनी कॉपी केली की ओरडायचे, पंखा बंद पडला की दुकानमालकाशी भांडायचे. आणि ग्रुपवर लिहितात संयमी.

बाराव्या शनिवारी ते वही घेऊन पुढे आले आणि सगळ्या वर्गासमोर त्यांनी आपला एक प्रोग्राम चालवला. आठ ओळी. शून्य दिलं, उत्तर आलं ‘माहिती अप्राप्त’. निरंक दिलं, उत्तर आलं ‘साठा उपलब्ध’. ‘हे पाहा,’ ते म्हणाले. ‘असंच लिहिलं असणार त्या माणसानं. मला तो फक्त एकदा भेटू द्या.’ मुलांनी टाळ्या वाजवल्या. मुलं खाली उतरल्यावर मी दार लोटलं आणि म्हटलं, भाऊ, तो माणूस मी आहे.

त्यांनी वही मिटली. एरवी माझ्याशी पुस्तकी मराठीत बोलणारा माणूस पुन्हा घरच्या बोलीत आला. ‘तुले कव्हयपाईन माहीत शे?’ पहिल्यापासून, मी म्हटलं, तुम्ही बसस्टँडवर सांगितलंत तेव्हापासून. ‘चूक व्हस,’ ते म्हणाले. ‘मनाथीन बी व्हयेल शे. पन माहीत व्हतं अन् गुपचूप बठनी, त्याले काय म्हनानं?’ मी रडायला लागले. त्यांना त्याचा तिटकारा आला असावा. ‘रडू नको. लिखी दे. रशीदनी शून्य धाडेल व्हतं, इतलंच. खाले सही. बठ्ठं त्यामाच उनं.’ सगळं त्यातच आलं, एवढंच त्यांचं म्हणणं. ठपका पुसा असं ते एकदाही म्हणाले नाहीत. तो कागद घेऊन त्यांना पायथ्याशी जायचं होतं, सुमलीबाईच्या घरी, आणि तिच्या नवऱ्याला वाचून दाखवायचा होता.

ते क्लासला यायचे बंद झाले. मी सरांना विचारलं. सर म्हणाले, करारात गुप्ततेचं कलम आहे, लेखी काही देशील तर नोकरी गेली असं समज, आणि जळगावात दुसरीकडे कुठे मिळते तेही मी बघतो. मी घाबरले. याला दुसरा शब्द नाही. दर सोमवारी भाऊंचा फोन यायचा. ‘कागदनं काय व्हयनं?’ आणि मी म्हणायचे, पाहते भाऊ. पुढच्या सोमवारी पुन्हा, पाहते भाऊ. चार महिने मी पाहत होते. शेवटच्या सोमवारी ते चिडले. ‘पाहते म्हंजे काय? नही म्हन. मी ते बी लिखी लिसू. पन रकानाम्हा काहीतरी भर.’ मी म्हटलं, या आठवड्यात नक्की. त्याच आठवड्यात गुरुवारी पहाटे ते गेले.

क्लासमध्ये आम्ही शोकसभा घेतली. एका पालकांनी भाषण केलं, की भाऊंवर संगणकाच्या चुकीमुळे अन्याय झाला. मला ओरडावंसं वाटलं. संगणकाची कसली चूक? संगणकाने कधी ठरवलं की शून्य म्हणजे कामचुकारपणा? ते मी ठरवलं, विचार न करता. यादी छापणाऱ्यांनी ती तशीच वाचली, साहेबांनी रजिस्टर बाजूला सारलं, सरांनी घड्याळ पाहिलं. प्रत्येक ठिकाणी एक माणूस होता, पगार घेणारा. पण सुमलीबाई मेली ती सापाने आणि भाऊंना मारलं ते संगणकाने, असं सगळ्यांनी वाटून घेतलंय, म्हणजे दोष कोणाच्याच घरी यायला नको. मी तरीही खुर्चीत बसून राहिले. सभेनंतर केळी वाटली.

चाळिसावा झाल्यावर मी त्यांच्या घरी गेले. पत्र टाइप करून, सही करून बरोबर नेलं होतं. भाभी इद्दत, म्हणजे नवऱ्यामागचा एकांतवास, पाळत असल्यामुळे घराबाहेर पडत नव्हत्या. आतल्या खोलीत पलंगावर बसल्या होत्या. त्यांची मुलगी शबाना, जी शाळेत शिकवते, तिने मला पाणी दिलं, चहाचं विचारलं नाही. भाभी एरंडोलच्या, मराठी शाळेत शिकलेल्या. चष्मा लावून त्यांनी पत्र दोनदा वाचलं. ‘तांत्रिक कारणास्तव श्री. रशीद यांच्या माहितीची नोंद होऊ शकली नाही.’ त्या ओळीवर बोट ठेवून त्या म्हणाल्या, ‘हे तांत्रिक कारण राहतं कुठे?’

मी म्हटलं, भाभी, पत्रात असंच लिहितात.

‘ठपक्याच्या कागदात तर यांचं नाव लिहिलं होतं. हुद्द्यासकट. तिथं नाही कुठलं तांत्रिक कारण सापडलं.’ त्यांनी पत्र माझ्याकडे परत सरकवलं. ‘तुम्ही सांगितलं नाही तरी मला माहीत आहे. ते घरी येऊन सगळं सांगायचे. पोरगी चांगली आहे, घाबरते, असं पण सांगायचे. मी म्हटलं त्यांना, चांगली असेल तर लिहून देईल.’

शबानाने कोरा कागद आणून टेबलावर ठेवला. भाऊंचं टेबल, भिंतीला लावलेलं, वर रजिस्टरांसारख्या वह्यांची चळत. मी तिथे बसून हाताने लिहिलं. रशीदभाऊंनी तिन्ही सोमवारी शून्य पाठवलं होतं. त्या शून्याचा अर्थ माहिती आलीच नाही असा लावणारी ओळ मी लिहिली होती. मला हे कळल्यावर मी ती ओळ बदलली आणि गप्प राहिले. भाऊंनी मागितलं तेव्हाही लिहून दिलं नाही. सुमलीबाईला लस न मिळण्यात भाऊंचा काही दोष नव्हता. खाली माझं पूर्ण नाव, सही, तारीख. भाभींनी तेही दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला.

मी म्हटलं, झेरॉक्स काढून आणते. पहिली प्रत सुमलीबाईच्या नवऱ्याला, एक वरच्या कार्यालयाला, एक माझ्या कंपनीला. आणि कागदासाठी हात पुढे केला. भाभींनी कागद दिला नाही. ‘मूळ कागद ते कोणाच्या हातात द्यायचे नाहीत,’ त्या म्हणाल्या. ‘साहेब आला तरी स्वतः धरून दाखवायचे.’ मग शबानाला म्हणाल्या, ‘तू जा यांच्यासोबत. कागद तू धर.’

गल्लीच्या तोंडाशी झेरॉक्सचं दुकान आहे. शबाना कागद दोन्ही हातांनी धरून माझ्यापुढे चालत होती. दुकानदाराने सवयीने हात पुढे केला, तिने त्यालाही दिला नाही. स्वतःच आत गेली, झाकण उघडलं, कागद काचेवर सरळ केला आणि झाकणावर हात दाबून उभी राहिली. मी बाहेर पायरीवर होते. प्रती निघाल्या तशा तिने मोजल्या, मूळ कागद काचेवरून उचलला, माझ्या हातात एकच प्रत दिली, माझ्या कंपनीची, आणि बाकीच्या घेऊन घरी गेली. पायथ्याशी ती स्वतः जाणार होती. मला तिने विचारलं नाही.